विचारलं तर सॅलड म्हणतात, घेतात मात्र केक

पत्र (थोडक्यात, ओळख लपवून):

मी आणि माझी धाकटी बहीण मिळून एक छोटा कॅफे चालवतो, दीड वर्ष झालं. कॉफी आणि काउंटर माझ्याकडे, किचन तिच्याकडे. कॉफी छान चालते, खाण्याचं मात्र रडतखडत. सहा महिन्यांपूर्वी टेबलांवर फॉर्म ठेवले, 'तुम्हाला इथे काय खायला आवडेल?' असं विचारणारे. शंभरेक भरून आले. बहुतेकांनी लिहिलं हेल्दी हवं, सॅलड हवं, कमी साखरेचं, व्हेगन (दूध-अंडंही नसलेलं), ग्लूटेन-फ्री (गव्हासारख्या धान्यातलं ग्लूटेन हे प्रथिन नसलेलं). बहिणीने जीव ओतून ११ नवीन पदार्थ आणले, मेन्यू ९ वरून २० वर गेला. आता रोज संध्याकाळी सॅलड टाकून द्यावं लागतं आणि लोक तोच जुना चॉकलेट केक आणि चीज टोस्ट मागतात. एक नेहमीचे काका तर परवा म्हणाले, 'पूर्वी इथे बरं मिळायचं.' बहीण फार दुखावलीये, म्हणते लोकांना चवच नाही. मला वाटतं किचन बंद करून सगळा माल बेकरीतून आणावा, पण तिला हे सांगायची हिंमत होत नाही. लोकांना नक्की हवंय तरी काय?
– काउंटरमागची थोरली

उत्तर:

थोरल्या ताई,

रागावू नका, पण पत्र वाचताना मला आधी हसूच आलं. मी स्वतः नऊ वर्षं एका कॅफेचं किचन सांभाळलंय आणि पहिल्याच वर्षी असाच फॉर्म काढला होता. लोकांनी लिहिलं सूप हवं. आम्ही रोज मोठं पातेलंभर सूप करायला लागलो आणि तीन आठवडे ते सूप कोण प्यायलं माहितीये, मी, भांडी घासणारा मुलगा आणि दूध टाकायला येणारे दादा. चौथ्या आठवड्यात दादांनीपण नको म्हटलं.

तर पहिलं हे, की तुमचे ग्राहक खोटं बोललेले नाहीत. फॉर्म भरताना माणूस स्वतःचा बायोडेटा लिहीत असतो. आपण कसे आहोत यापेक्षा आपण कसे दिसावं असं वाटतं ते त्यात जास्त उतरतं. शिवाय तुम्ही फॉर्म ठेवला टेबलावर, म्हणजे तो भरेपर्यंत केक पोटात गेलेला, बशीत चमचा तिरका पडलेला, आणि अशा वेळी कुणीही म्हणणारच की पुढच्या वेळी आपण सॅलड खाऊ. हे फक्त छोट्या कॅफेवाल्यांचंच होतं असं नाही. मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत १९९१ मध्ये मॅकलीन डिलक्स नावाचा कमी चरबीचा बर्गर आणला होता, लोकांना हलकं खायचंय असं सगळीकडे बोललं जात होतं तेव्हा, आणि १९९६ मध्ये तो गुपचूप मेन्यूवरून गेला. त्यांच्याकडे तर पैसा, माणसं, अभ्यास सगळं होतं. तेव्हा शंभर फॉर्मवर विश्वास ठेवला म्हणून स्वतःला किंवा बहिणीला बोल लावू नका.

तुमच्या प्रश्नात मला जे खटकतंय ते वेगळंच आहे. तुम्ही लिहिता 'लोकांना काय हवंय', जणू लोक म्हणजे एकच माणूस आहे आणि त्याचं एकच पोट आहे. काउंटरवर उभ्या असता ना तुम्ही, जरा आठवून बघा. सकाळी आठ साडेआठला जी बाई येते तिच्या एका हातात फोन, खांद्यावर बॅग, कपाला झाकण हवं, आणि खाण्याचं असं काहीतरी हवं जे कागदात गुंडाळून चालता चालता दोन मिनिटांत संपेल आणि कुर्त्यावर सांडणार नाही. तीच बाई चार वाजता मैत्रिणीला घेऊन येते तेव्हा तिला खाण्यापेक्षा बसायला निमित्त हवं असतं, दोन काटे आणि एक केक. आणि कोपऱ्यात तीन तास लॅपटॉप घेऊन बसलेला तो मुलगा, त्याला भूक आहे पण त्याला बोटं तेलकट करायची नाहीयेत. मी एकदा एकाला क्रोसाँ (पापुद्र्यांचा फ्रेंच पाव) खाताना बघितलं, प्रत्येक घासानंतर तो कीबोर्ड उलटा करून झटकत होता, असं पाच-सहा वेळा केलं आणि मग अर्धा क्रोसाँ तसाच बशीत ठेवून गेला. फॉर्ममध्ये त्याने काय लिहिलं असतं? 'क्रोसाँ छान आहे.' आणि खरंच छान होता हो! फक्त त्याच्या त्या वेळेला तो उपयोगाचा नव्हता.

म्हणून 'काय हवंय' विचारण्याआधी 'किती वाजता, कोणाबरोबर, कोणत्या हाताने' हे बघा. सॅलड हा दोन हातांचा, टेबलाचा, वीस मिनिटांचा पदार्थ आहे. तुमच्याकडे दुपारी जेवायच्या वेळेला लोक येतात का, की तुमची गर्दी सकाळी आणि चारनंतर आहे? तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये, पण कॉफी जोरात आणि खाणं थंड म्हटल्यावर माझा अंदाज दुसरा आहे. तसं असेल तर जगातलं सगळ्यात चांगलं सॅलडसुद्धा संध्याकाळी टाकूनच द्यावं लागणार, त्यात बहिणीच्या हाताचा काही दोष नाही आणि लोकांच्या चवीचा तर अजिबातच नाही.

आता लोक फॉर्मवर जे कधीच लिहीत नाहीत त्याबद्दल. माझ्या मते कॅफेतल्या खाण्याकडून माणसाची सगळ्यात मोठी अपेक्षा असते ती म्हणजे मागच्या वेळी होतं तसंच असावं. नवीन नको, भारी नको, तसंच. हे कोणी लिहून देत नाही कारण हे कोणाला मागावंसंच वाटत नाही, ते गृहीत असतं, आणि नसलं की माणूस भांडतपण नाही, नुसता यायचा बंद होतो. आणि इथे मला तुमच्या त्या काकांचं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. तुम्ही दोघींनी त्याचा अर्थ असा लावला की काकांना नवे पदार्थ आवडले नाहीत. पण काका नवे पदार्थ खातात तरी का? मला वाटतं ते त्यांचा जुना टोस्टच खात असणार, आणि तो टोस्टच बदललाय. एकच बाई आधी ९ पदार्थ करायची, आता २० करते, हात तेवढेच, शेगडी तेवढीच, टोस्टर एकच. मग टोस्ट कधी जास्त भाजला जातो, कधी चीज वितळायच्या आत उतरवला जातो, कधी बारा मिनिटं लागतात. मी चुकत असेन, पण उद्या सकाळी काही न सांगता ग्राहकासारखा एक टोस्ट मागवा, घड्याळ लावा आणि बसून खा. मालकिणी आपल्याच कॅफेत बसून कधी खात नाहीत, उभ्याने कडा तोडून तोंडात टाकतात, मीही तेच करायचे.

तसंच ताजेपणाचं. लोक 'ताजं हवं' म्हणतात त्याचा अर्थ आत्ता केलेलं असाच असतो असं नाही, त्यांना ते ताजं लागायला हवं असतं, आणि इथे छोट्या छोट्या गोष्टी मारतात. भरलेली सँडविचेस सकाळी करून फ्रिजमध्ये रचून ठेवता का? ब्रेडमधला स्टार्च थंड झाला की पुन्हा घट्ट बसत जातो आणि फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात झपाट्याने होतं, म्हणजे फ्रिजमधला ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो (फ्रीझरमध्ये मात्र ही गोष्ट जवळपास थांबते, म्हणून जास्तीचा ब्रेड तिथेच टाका). वरून टोमॅटोचं पाणी, की ब्रेड गिच्च. सारण थंड ठेवा, ब्रेड बाहेर ठेवा, ऑर्डर आली की भरा, आणि भरताना लोणी अगदी कडेपर्यंत लावा, कारण लोण्याचा थर पाणी आत जाऊ देत नाही. टोमॅटोची चकती पातळ कापा, नाहीतर पहिल्याच घासाला अख्खी चकती ओढून बाहेर येते आणि हनुवटीवर लटकते, मग तो माणूस समोरच्याशी बोलता बोलता थांबतो आणि कानकोंडा होतो, ते सँडविच तो परत घेत नाही. सॅलडचं ड्रेसिंग आधी घालून ठेवत असाल तर मीठ पानांचं पाणी काढतं, तासाभरात सगळं मान टाकतं. आणि केक. लोण्याचा केक फ्रिजमधून थेट बशीत जात असेल तर लोणी कडक असतं, शिवाय थंडपणात जिभेला गोडीही कमी लागते, थोडा वेळ बाहेर ठेवून द्या, तोच केक वेगळा लागेल. क्रीमच्या केकला हे लागू नाही हं. शिजवलेलं आणि नाशवंत अन्न फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, थंड ते ५ अंश सेल्सिअसच्या खाली आणि गरम ते ६० च्या वर, हे जागतिक आरोग्य संघटनेने घरच्या स्वयंपाकालासुद्धा सांगितलंय, आपण तर विकतो.

मेन्यू किती मोठा असावा हा पुढचा प्रश्न. यावर लोक हमखास जॅमचा प्रयोग सांगतात. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००० साली छापला होता, दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी विकत घेतले, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. त्यामुळे 'कमी ठेवा, जास्त विकेल' असं सगळे म्हणतात. पण २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला, कुठे जास्त पर्यायांनी विक्री घटली, कुठे वाढली. म्हणून २० पदार्थ बघून ग्राहक गांगरतोय असं मी तुम्हाला सांगणार नाही. गांगरलंय तुमचं किचन. मेन्यू कमी करायचा तो बहिणीच्या हातांसाठी.

कोणते काढायचे याला एक जुना हिशेब आहे, मला तो आवडतो कारण त्याला वही आणि पेन पुरतं. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये मांडला. २० पदार्थ असतील तर प्रत्येकाचा सारखा वाटा ५ टक्के, त्याच्या ७० टक्के म्हणजे साडेतीन टक्के ही रेघ. महिन्यात २००० प्लेटी गेल्या तर ७० च्या खाली जे विकलं गेलं ते मागे पडलेलं. आणि दुसरीकडे बघायचं की विकल्यावर सामानाचा खर्च वजा जाता हातात किती राहतं. मग चार गट पडतात, खूप जातं आणि खूप उरतं, खूप जातं पण थोडं उरतं, कमी जातं पण उरतं चांगलं, आणि जातही नाही उरतही नाही. या शेवटच्याला त्यांनी चक्क 'कुत्रा' असं नाव दिलंय, मला ते पटत नाही, कुत्रा निदान उरलेलं खातो तरी. या हिशेबात एक गोष्ट नाहीये ती तुम्ही घाला, एका प्लेटला बहिणीची किती मिनिटं जातात. माझा अनुभव असा की मिनिटांचा रकाना घातला की अर्धा निकाल तिथेच लागतो.

पण थांबा, हा हिशेब डोळे मिटून लावू नका. व्हेगन आणि ग्लूटेन-फ्रीच्या बाबतीत तो फसवतो. चार जणांचा ग्रुप असतो, त्यातल्या एकीला दूध चालत नाही, तिच्यासाठी तुमच्याकडे काही नसेल तर चौघंही दुसरीकडे जातात. ती एकटी खाते एक प्लेट, पण तिच्या एका 'नको'मुळे चार कॉफ्या आणि तीन केक जातात. तेव्हा अशा गटातला एक पदार्थ, अगदी एकच, ठेवा, आणि तो कमी विकला जातो म्हणून रडू नका. तो टिकाऊ हवा, रोज टाकून द्यावा लागणारा नको. तेलातला बिनदुधाचा केक फ्रीझरमध्ये कापून ठेवता येतो, सॅलड नाही ठेवता येत.

ग्लूटेन-फ्रीबद्दल मात्र जरा कडक बोलते. सीलिअ‍ॅक आजार साधारण शंभरात एकाला असतो आणि त्याला ग्लूटेन खरोखर बाधतं, अंगावर येतं. कोडेक्स म्हणजे खाद्यपदार्थांचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यांच्या मानकात ग्लूटेन-फ्री म्हणवण्याची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम इतकी बारीक आहे. तुमच्याकडे एकच टोस्टर, हवेत मैदा उडतोय, त्याच सुरीने केक कापला जातोय, मग तो शब्द मेन्यूवर लिहू नका. 'यात गहू घातलेला नाही, पण किचनमध्ये मैदा वापरला जातो' असं लिहा, ज्याला चालेल तो घेईल. आणि तीळ, शेंगदाणे, सुकामेवा, अंडं, दूध कशात आहे त्याचा एक कागद काउंटरमागे चिकटवून ठेवा, कारण विचारणाऱ्याला खरं तर पदार्थापेक्षा उत्तर हवं असतं, आणि तुम्ही 'थांबा हं, विचारून सांगते' म्हणून आत गेलात की त्याचा विश्वास अर्धा उडालेला असतो.

आता बेकरीचा माल. तुमचा वैताग समजतो आणि सगळंच चूक आहे असंही नाही. क्रोसाँसारख्या गोष्टी घरी करणं म्हणजे लोण्याच्या थरांशी दोन दिवस झुंज, त्या बाहेरून अर्धवट भाजलेल्या आणून आपल्या ओव्हनमध्ये पूर्ण केल्या तर कॅफेत वासही दरवळतो आणि कोणी फसवलं जात नाही. पण सगळंच आणलंत तर जे तुमच्याकडे मिळतं तेच चार दुकानं सोडूनही मिळेल, आणि तुमचा चॉकलेट केक, जो एवढे नवे पदार्थ आले तरी हलला नाही, तो कोण करतं? बहीण करते ना? तिच्याबद्दल तुमच्या ग्राहकांचं मत काय आहे ते त्या केकने रोज सांगितलंय. तुम्हीच ते 'लोक तोच जुना केक मागतात' असं तक्रारीसारखं लिहिलंत.

मी तुमच्या जागी असते तर आधी काहीच बंद केलं नसतं. दोन आठवडे एक वही ठेवली असती, तीन पानं. एकावर काउंटरवर आलेले 'नाही आहे का?', म्हणजे लोकांनी मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं किंवा संपलं होतं ते, वेळेसकट. दुसऱ्यावर परत आलेल्या बश्या, कशात काय उरलं, कडा उरल्या की सारण, निम्मं उरलं की एक घास. तिसऱ्यावर संध्याकाळी टाकलेलं. (टाकण्याचं प्रकरण जगभर मोठं आहे, २०२२ मध्ये वाया गेलेल्या १०५ कोटी टन अन्नापैकी २८ टक्के हॉटेल-कॅफे वगैरे खाणं पुरवणाऱ्यांकडचं होतं असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो, पण तुम्हाला त्रास तुमच्या बादलीचा आहे, ती मोजा.) तिसऱ्या पानावर एक बारीक गोष्टही टिपा, शोकेसमध्ये एकटा उरलेला शेवटचा तुकडा किती वेळ तसाच राहतो. लोक तो घेत नाहीत, त्यांना वाटतं सकाळपासून पडलाय. दुपारनंतर मोठा ट्रे काढून छोट्या ताटलीत मांडला की तोच तुकडा जातो, मी हे कितीतरी वेळा केलंय.

आणि बहिणीशी बोलायचं. 'बंद करूया' हे वाक्य घेऊन किचनमध्ये जाऊ नका, तिला ते 'तुला जमलं नाही' असंच ऐकू येणार. आठवडाभर जागा बदला. गर्दीच्या वेळी ती काउंटरवर उभी राहू दे आणि तुम्ही आत टोस्ट भाजा. तिला दिसेल की आठ वाजता कोणी मेन्यू वाचतच नाही, लोक शोकेसकडे बोट दाखवतात. तुम्हाला कळेल की एका वेळी सॅलड, सँडविच आणि टोस्ट अशा तीन चिठ्ठ्या आल्या की काय होतं, आणि बहुतेक पहिल्या दिवशी तुमचाच टोस्ट जळेल. वही दोघी मिळून शेवटच्या दिवशी उघडा, त्याआधी एकेकटीने निष्कर्ष काढू नका. तिने केलेल्या ११ पैकी दोन-तीन नक्की चांगले निघतील, ते कोणते राहावेत ते तिने ठरवावं, तुम्ही नाही. सॅलडच्या जागी तीच भाजी टोस्टमध्ये भरून देता येते का हेही तिलाच विचारा, मला वाटतं तिच्या डोक्यात ते आधीच आलं असेल आणि तुमच्या फॉर्ममध्ये 'सॅलड' लिहिलं होतं म्हणून ती गप्प बसली असेल.

ते काका परत आले की त्यांना जरा बसवा आणि विचारा, बरं मिळायचं म्हणजे नक्की काय हो काका, भाजणं, चीज, की वेळ? फक्त हे विचारताना किचनचा दरवाजा उघडा ठेवा.